आधी म्हैस, मग मी

बिद्रीच्या आसपास पन्नाशी ओलांडलेला माणूस सायकलवर दिसला, की लोक दोनच निदानं करतात. एक तर त्याला साखर आहे, नाही तर पेट्रोलला पैसे नाहीत. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचं धुराडं दिसतं तिथं राहायचं, रक्तात साखर नसताना सायकल मारायची, हे कुणाच्या गळी उतरत नाही. "किती हाय?" असं एकानं मला रस्त्यात थांबवून विचारलं. मला वाटलं, उसाचं टनेज विचारतोय. मी एकरी आकडा सांगितला. तो हबकलाच, कारण तो उपाशीपोटीची विचारत होता.

मला साखर नाही आणि पेट्रोलपुरते पैसेही आहेत. शाळेत असताना नळीखालून पाय घालून सायकल शिकलो आणि नंतर ती सोडायचं राहून गेलं, इतकंच. बरोबरीच्या लोकांनी आधी लुना घेतली, मग हिरो होंडा, मग चारचाकी. त्यांची प्रगती मी फार जवळून पाहिली आहे. कित्येकदा तर हातभर अंतरावरून.

सरळ रस्त्याशी सायकलवाल्याचं भांडण नसतं. चढ आला तर उतरून ढकलता येतं, वारा समोरून असला तर त्याला शिव्या देता येतात, कुत्रं मागं लागलं तर पाय वर घेता येतात. खड्डा बिचारा जागचा हलतही नाही. भांडण आहे ते फाट्याशी. कोल्हापूरहून गारगोटीला जाणारा हा आमचा रस्ता. जवळच मुधाळ तिट्ट्यावर त्याला देवगड-निपाणी रस्ता भेटतो. म्हणजे एका अंगानं घाट चढून आलेली कोकणातली गाडी, दुसऱ्या अंगानं निपाणीकडचा ट्रक. पण तिट्टा मोठा, त्याचं नाव मोठं, तिथं सगळेच जरा सांभाळून असतात. खरी गंमत असते ती लहान लहान तोंडांवर. गावात शिरणारा रस्ता, दूध संस्थेची गल्ली, पेट्रोल पंपाची बाजू, लग्नाच्या हॉलचं फाटक आणि उसातून निघणारी पाणंद. तुम्ही मुख्य रस्त्यानं आपल्या डाव्या कडेनं चाललेले असता. बाजूच्या तोंडावर एक गाडी येऊन थांबते. ड्रायव्हर मान वळवून तुमच्याकडं बघतो. नीट बघतो. आणि मग गाडी घालतो.

न बघता गाडी घालणाऱ्याचं मला फारसं काही वाटत नाही. तो निदान प्रामाणिक आडमुठा असतो. कोडं आहे ते बघून घालणाऱ्याचं. तुम्ही दोन्ही ब्रेक आवळता, मागचं चाक फरफटतं, कॅरिअरवरची पिशवी पुढं येते, आणि काच खाली करून तो म्हणतो, "दिसलाच न्हाईसा की मामा!" त्याच्या आवाजात दिलगिरी कमी आणि तक्रार जास्त असते. जणू मीच उसात दबा धरून बसलो होतो. वर सल्ला देतो, "जरा बघून चालवायचं की."

आता या माणसाची नजर कमजोर असती तर मी काही बोललो नसतो. गारगोटीत, कागलात डोळे तपासणीची शिबिरं होतात, तिकडं पाठवलं असतं. पण नजर तर घारीची. वडापवाल्याचंच बघा. दोन फर्लांगावर, चिंचेच्या आड, बाईनं नुसता पदर सारखा केला तरी त्याला कळतं की ही गिऱ्हाईक आहे. जीपमध्ये चौदा माणसं कोंबलेली असतात, एक पाय बाहेर असतो, टपावर शेळी असते, तरी त्याची नजर रस्त्याच्या दोन्ही कडा चाळत असते. मी सायकल स्टँडवर लावून नुसता उभा राहिलो तर तो करकचून ब्रेक मारतो आणि "चला की मामा, तिट्टा, तिट्टा" म्हणतो. तोच मी सायकलवर बसलो, की त्याच्या लेखी हवेत विरून जातो. माणूस तोच, धोतर तेच, टोपी तीच. फक्त गिऱ्हाईक नाही.

उसाच्या ट्रॅक्टरवाल्याचंही तेच. मागच्या ट्रॉलीच्या शेवटच्या मोळीतून शाळेच्या पोरानं एक ऊस ओढला, तर पुढं गाण्याच्या गदारोळात बसलेल्या ड्रायव्हरला तो कसा कोण जाणे, कळतो. लगेच मान मागं, आणि शिवी. आख्खी सायकल मात्र समोरून येताना कळत नाही. आणि कुठल्याही निवडणुकीचा हंगाम सुरू झाला की चमत्कारच होतो. झेंडे लावलेल्या, पांढऱ्याशुभ्र कपड्यांनी भरलेल्या गाड्या फाट्यावर थांबतात, हात आतून हलतो, "जावा पावणं, तुम्ही जावा आदुगर." कारण सायकलवाला असला म्हणून काय झालं, सभासद असू शकतो. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा हवेत विरलेला असतो.

यावरून मी माझ्यापुरता एक सिद्धांत काढला आहे. फाट्यावरच्या डोळ्याला दोनच गोष्टी दिसतात: जिच्यापासून फायदा आहे ती आणि जिची भीती आहे ती. सायकल यांपैकी कशातच बसत नाही.

शहाण्या लोकांनी यावर अभ्यास केलेला आहे आणि त्यांचं म्हणणं माझ्यापेक्षा सौम्य आहे. ते म्हणतात, माणसाची नजर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना सलग सरकत नाही, उड्या मारत जाते. उडीच्या त्या क्षणात मेंदू चित्र घेतच नाही. मधली गाळलेली जागा आजूबाजूवरून अंदाजानं भरून काढतो. सायकल त्या गाळलेल्या जागेत सापडली, तर मेंदू तिथं मोकळा डांबरी रस्ता रंगवून मोकळा होतो. म्हणून लढाऊ विमानांच्या वैमानिकांना आभाळ न्याहाळताना नजर भरभर फिरवू नका, टप्प्याटप्प्यानं थांबवत न्या असं शिकवतात. शिवाय लहान वस्तू नेहमी आहे त्यापेक्षा लांब भासते. ट्रक शंभर पावलांवर असला तर "आला आला" वाटतं, सायकल तेवढ्याच अंतरावर असली तर "हाय अजून लांब" वाटतं. गाडीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही अंगांना जे खांब असतात, तेही आता जाडजूड झाले आहेत. गाडी उलटली तर आतल्या माणसाच्या डोक्यावर टप येऊ नये म्हणून ते भक्कम करतात, काही गाड्यांत एअरबॅगही त्यांतच दडवलेली असते. म्हणजे आतल्याच्या डोक्याची सोय करताना बाहेरचं डोकं खांबाआड गेलं.

इंग्लंडमध्ये न्यू फॉरेस्ट नावाच्या भागात इपली क्रॉस म्हणून एक फाटा आहे. दोन सरळसोट रस्ते, भोवताली मोकळं माळरान, लांबवर सगळं दिसतं. तरी तिथं मोटारींनी सायकलवाल्यांना पुन्हा पुन्हा उडवलं, जीवही गेले. मग लोकांनी भूमिती मांडून पाहिली. रस्ते अशा कोनात मिळतात, की ठरावीक वेगानं येणारी मोटार आणि ठरावीक वेगानं येणारी सायकल एकाच बिंदूकडं निघाली, तर ड्रायव्हरच्या दृष्टीनं सायकल शेवटपर्यंत काचेच्या खांबाआडच राहते. ती पुढं सरकत नाही, मागं पडत नाही. दर्यावर्दी लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे: दुसरं जहाज एकाच दिशेला स्थिर दिसत राहिलं, तर समजायचं की टक्कर होणार.

हे सगळं वाचल्यावर माझा मोटारवाल्यांवरचा राग बराच उतरला. ट्रॅक्टरवाल्यांवरचा मात्र वाढला. ट्रॅक्टरला खांब कुठं असतो? ड्रायव्हर उंच, उघडा, चहूबाजूंनी मोकळा बसलेला. त्याला इंग्लंडमधली भूमिती लागू पडत नाही.

त्याची अडचण वेगळी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. ती म्हणजे खुद्द ऊस. आमच्याकडच्या पाणंदीचं तोंड वर्षभर सारखं नसतं, उसाच्या वाढीबरोबर ते बदलत जातं. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात होते आणि तोड यायला सोळा ते अठरा महिने लागतात. सुरुवातीला कोपऱ्यावरचा ऊस गुडघ्याएवढा असतो, तेव्हा पाणंदीतून येणाऱ्याला मी दिसतो, मला तो दिसतो, आम्ही एकमेकांना रामराम घालतो. दुसरा पावसाळा येईपर्यंत तोच ऊस माणसाच्या दुप्पट होतो, पाला रस्त्यावर झुकतो, आणि पाणंद भिंतीतल्या भोकासारखी दिसू लागते. मग आत कोण आहे हे आवाजावरूनच ओळखायचं. त्यामुळं कुठल्या कोपऱ्यावर कुणाचा ऊस आहे, लागण आहे की खोडवा, ८६०३२ आहे की दुसरी जात, नोंद कधीची, तोड कधी येणार, याची माहिती मी कारखान्याच्या चिटबॉयपेक्षा बारकाईनं ठेवतो. कोपऱ्यावरच्या शेताला तोड आली, बीडकडची टोळी फडात उतरली, कोयते चालू झाले, की ज्याचा ऊस गेला त्याच्या इतकाच आनंद मला होतो. त्याला बिल मिळतं, मला लांबचं दिसायला लागतं. पण तो खोडवा ठेवतो, आणि माझा आनंद पुन्हा हळूहळू वाढून डोक्यावर जातो.

आणि तोड आली, की त्याच पाणंदीतून भरलेली वाहनं बाहेर पडायला लागतात. बैलगाडीचं मला कौतुक आहे. गाडीवान झोपलेला असला तरी बैल जागे असतात. अंगद म्हणजे लहान ट्रॅक्टरमागची बैलगाडीवजा ट्रॉली. ती फार तर आडवी येते आणि जाते. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर हे मात्र शास्त्र आहे. तो वळतो तेव्हा पुढचं चाक जिथून जातं, तिथून पहिली ट्रॉली जात नाही. ती वळणाच्या आतल्या बाजूनं कापते. दुसरी ट्रॉली पहिलीच्याही आतून कापते. नवा सायकलवाला ट्रॅक्टर गेला म्हणून पायडलवर पाय ठेवतो. जुना सायकलवाला पहिली ट्रॉली गेल्यावरही ठेवत नाही. दुसऱ्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवरचा लाल कागद नजरेसमोरून जाईपर्यंत तो रस्त्याच्या खाली, मातीत, शांतपणे उभा राहतो. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. बिद्री भागातल्या पोरांना शिकवायला हवं. हंगाम सुरू होताना ट्रॉल्यांना परावर्तक कागद लावायचे कार्यक्रम होतात, फोटो येतात, ते चांगलंच आहे. पुढं मोळ्या एवढ्या रचतात की कागदावर वाडं लोंबायला लागतं.

कायदा काय म्हणतो, हे मी हौसेनं वाचलं. २०१७ च्या मोटार वाहन चालनाच्या विनियमांत स्वच्छ लिहिलं आहे, की मुख्य रस्त्यावर येणाऱ्यानं त्या रस्त्यावरून चाललेल्यांना आधी जाऊ द्यायचं. त्याआधी १९८९ च्या नियमांतही तेच होतं. पायी चालणारे, सायकलवाले, मुलं, म्हातारी माणसं यांची चालकानं विशेष काळजी घ्यावी, असंही आहे. वाचून ऊर भरून आला. मग मूळ कायदा उघडला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'वाहन' म्हणजे यंत्रशक्तीनं चालणारं. आमची शक्ती भाकरीची. म्हणजे त्या व्याख्येत सायकल वाहनच नाही. उलट १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात ग्रामपंचायतींना जे कर बसवायची मुभा दिली, त्यांत सायकलीवरचा करही होता. शहरांत तर पूर्वी नगरपालिकेचा बिल्ला लावल्याशिवाय सायकल बाहेर काढता येत नसे. तेव्हा कर घेताना सायकल दिसायची, वाट देताना दिसत नाही. सरकारची नजर आणि वडापवाल्याची नजर एकाच डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यावी लागेल.

विलायतेत २९ जानेवारी २०२२ पासून रस्त्याच्या संहितेत एक उतरंड घातली आहे. ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त. फाट्यावर वळताना सायकलवाल्याच्या आडवी गाडी घालायची नाही, हे त्यात वेगळं सांगितलंय. हॉलंडमध्ये २००१ पर्यंत बिनखुणांच्या चौकात उजवीकडून सायकल आली तरी मोटार आधी जायची. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून तो भेद काढून टाकला आणि सायकललाही मोटारीइतकाच उजवा मान दिला. सायकलींचा देश म्हणतात, पण त्यांनाही इतका वेळ लागला म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं.

आमच्याकडंही उतरंड आहेच. फक्त ती कुणी छापलेली नाही, आणि उलटी आहे. सगळ्यांत आधी डबल ट्रॉली. कारण तिला थांबताच येत नाही. मग ट्रक. मग एसटी; तिच्याविषयी माझी तक्रार नाही, उंचावर बसलेला तो खाकी माणूस बऱ्याचदा हातानं "जावा" म्हणतो. मग झेंडेवाली गाडी, वडाप, नंबर प्लेटवर 'भावा' लिहिलेली फटफटी, तिच्यावर तिघं. मग म्हैस. मग मी.

म्हशीचा नंबर माझ्या आधी का, यावर मी बराच विचार केला आहे. म्हैस येताना मान वळवून बघत नाही. ती हॉर्न ऐकत नाही, ऐकला तरी मनावर घेत नाही. तिला घाई नाही, घड्याळ नाही, आणि मधेच उभं राहून विचार करायची सवय आहे. तरी एक माणूस तिच्या अंगावर गाडी घालत नाही. कारण सोपं आहे. मुऱ्हा म्हैस लाखाच्या पुढं. तिला धक्का लागला तर बॉनेट जातं, रेडिएटर जातो, आणि पाच मिनिटांत आख्खी गल्ली गोळा होते. भरपाईचा हिशेब नुसत्या म्हशीचा होत नाही. चालू वेताचं दूध, संस्थेचा दर, फॅटचा फरक, गाभण असली तर पुढचं वेत, असा तो रात्री उशिरापर्यंत चालतो. मला धक्का लागला तर रिम वाकते. फार तर दोन आऱ्या तुटतात. दुकानदार रिम सरळ करून देतो आणि वर विचारतो, "आता तरी गाडी घेताय न्हवं?"

तेव्हा मी शरण गेलो, म्हशीला. संध्याकाळी ओढ्याकडून म्हशी परततात त्या वेळेला मी मुद्दाम निघतो. फाटा आला की कळपात घुसतो. पुढं दोन, मागं तीन, मधे मी, घंटी न वाजवता. झेंडेवाल्या गाड्या थांबतात, वडाप थांबतं, डबल ट्रॉलीसुद्धा गाणं चालू ठेवून थांबते. म्हशी आपल्या चालीनं जातात, मीही माझ्या. राखणारा पोरगा पहिल्यांदा संशयानं बघत होता, आता म्हणतो, "चला मामा, आलासा व्हय?" शेपटीचा एखादा फटका बसतो, तेवढा टोल समजायचा. इतक्या मानानं रस्ता ओलांडायचं भाग्य बिद्री भागात एरवी फक्त वरातीतल्या नवऱ्याला मिळतं.

म्हशी नसतील तेव्हा दुसरा उपाय म्हणजे शाळा सुटायची वेळ धरायची. आठवी-नववीच्या मुली सायकलींवरून पाच-पाच जणी शेजारी शेजारी, हॅन्डलला हॅन्डल लावून, गप्पा मारत येतात. पोलिसानं बघितलं तर एका ओळीत चला म्हणेल, पण मी म्हणत नाही. कारण त्या पाच जणी सगळ्यांना दिसतात. फाट्यावर आलेला फटफटीवाला थांबतो, वर गॉगल काढून थांबतो. अमेरिकेतल्या पीटर जेकबसन नावाच्या अभ्यासकानं २००३ साली निरनिराळ्या गावांचे आणि देशांचे आकडे मांडून दाखवलं, की जिथं सायकलवाले आणि पायी चालणारे जास्त, तिथं त्यांतल्या प्रत्येकाला गाडी धडकायची शक्यता कमी. माणसं जास्त म्हणून अपघात जास्त, असं आपल्याला वाटतं. पण ड्रायव्हरच्या डोळ्याला सायकलची सवय लागते, तो फाट्यावर आला की ती शोधायला लागतो.

तशी सवय इथल्या डोळ्यांना पूर्वी होती. कारखान्याचा भोंगा झाला, पाळी सुटली, की रस्ता सायकलींनी भरून जायचा. हॅन्डलला डबा, कॅरिअरला वैरणीचा बिंडा, तोही असा रुंद की मागून बघणाऱ्याला वैरण आपोआप चाललेली दिसायची. पुढच्या दांड्यावर पोरगं. कुणाची जीप आलीच बाजूनं, तर ती तोंडावर थांबायची आणि लोंढा संपेपर्यंत थांबायची. इंजिन बंद करून. साहेब आत बसून पान लावायचे. दूधवाल्यांचे कॅन, पेपरवाल्याची पिशवी, पोस्टमनचा थैला, सगळे सायकलवर. आता पाळी सुटते ती फटफट्यांची, आणि पेपरसुद्धा किक मारून येतो. अ‍ॅटलस सायकलचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला तो ३ जून २०२० ला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाला. मुहूर्त काढणाऱ्यानं पंचांग नीट बघितलेलं दिसतं.

दिव्याचंही असंच. आमच्या वेळी बिनदिव्याची सायकल रात्री सापडली तर पोलीस चाकातली हवा सोडायचा. म्हणून डायनामो बसवायचा. त्याची तऱ्हा अशी, की चाक जोरात फिरलं तर दिवा लख्ख, हळू केलं तर मिणमिणता, आणि थांबलं की अंधार. म्हणजे सरळ रस्त्यावर, जिथं कुणी नाही तिथं, मी झगझगीत उजेड पाडत जायचो. आणि फाटा आला, ब्रेक दाबला, नेमकं दिसायला पाहिजे तेव्हा दिवा डोळे मिटायचा. ज्यानं हे यंत्र शोधलं त्यानं कधी फाटा ओलांडला नसणार. आता सेलवरचे लुकलुकणारे दिवे मिळतात, ते मी पुढं-मागं लावले आहेत. त्यानं एवढाच फरक पडला की "दिसलाच न्हाईसा" च्या जागी "मला वाटलं लग्नाची लायटिंग हाय" ऐकू येतं.

ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघा, असा एक सल्ला सायकलवाल्यांना नेहमी देतात. तो काळ्या काचांच्या आधीचा असावा. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ सालीच काचांवरच्या काळ्या फिल्मला बंदी घातली, तरी काही गाड्यांच्या काचेत मला आजही ड्रायव्हर दिसत नाही, माझंच तोंड दिसतं. घाबरलेलं.

मुंबईचे सहा पारशी तरुण १९२३ साली सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघं ती पुरी करून १९२८ साली परत आले. वाळवंटं ओलांडली, दाट जंगलं ओलांडली. मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. एकच गोष्ट त्यांच्या बाजूनं होती: जंगलात फाटे नसतात, आणि साप अंगावर आला तरी नंतर काच खाली करून "बघून चालवायचं की" म्हणत नाही.

तर मंडळी, पुन्हा हंगाम येतोय. मोळीपूजन होईल, भोंगा वाजेल, पाणंदी वाहायला लागतील. माझी मागणी मोठी नाही. रस्ता रुंद करू नका, वेगळी पट्टी आखू नका, माझ्या नावानं गतिरोधकही नको. फक्त बाजूच्या तोंडावर आलात की चाक थांबवा आणि शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं तेवढंच करा: आधी उजवीकडं बघा, मग डावीकडं, आणि मग पुन्हा एकदा उजवीकडं. पहिल्यांदा बघितलंत तेव्हा ट्रक नव्हता म्हणून रस्ता मोकळा वाटला असेल. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा जो दिसेल, तो मी. मला आधी जाऊ द्या. आणि मामा, किती हाय, हे मात्र कृपा करून विचारू नका.